प्रतीक्षेच्या जागी कला



संग्रहालयाची पायरी कधी न चढणाऱ्या माणसालाही स्थानकात आणि रुग्णालयात जावेच लागते. दोन्हीकडे त्याच्या वाट्याला प्रतीक्षा येते. सार्वजनिक कलेची खरी जागा तीच.

मुंबईच्या बोरीबंदरचे स्थानक फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिले. तेथील दगडी मोर, माकडे, पाने-फुले यांच्या कोरीव कामाला सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. वास्तुविशारदाचे नाव ग्रंथोग्रंथी आहे. छिन्नी चालविणारी ही मुले प्रवाशांना अज्ञातच राहिली.

रुग्णालयांच्या भिंती तर बहुधा कोऱ्याच. शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, असे रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. खिडकी म्हणजे चित्र नव्हे. पण नजरेलाही पथ्य असते, एवढे त्यातून उमगते.

उधना-जळगाव लोहमार्गाने आलेली खानदेशची माणसे सुरत-पलसाणा परिसरात कापडाला रंग देतात. त्यांच्या वाटेवरच्या फलाटांना, दवाखान्यांच्या ओसऱ्यांना रंग कोण देणार? ते काम त्यांच्याच मुलांकडे सोपवावे. आणि या वेळी चित्राखाली नाव लिहिण्यास विसरू नये.