संगणकाच्या पोटात संगणक

डीटीपीच्या दुकानांत आजही पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेल्या जुन्या मराठी पुस्तकांच्या फाइली सापडतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. नव्या विंडोजवर ती कुरकुरते, कधी चालतच नाही. मग एवढ्यासाठी जुना, धापा टाकणारा संगणक सांभाळायचा का? नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर आहे त्या संगणकातच दुसरा, आभासी संगणक उभा करते. त्याची हार्ड डिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल! तिच्यात विंडोज एक्सपी किंवा लिनक्स रीतसर बसवायचे, की ते एका खिडकीत सुरू होते.

कल्पना तशी जुनी. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या यंत्रांसाठी व्हीएम/३७० आणले होते. साध्या पीसीवर ही सोय व्हीएमवेअरने १९९९ मध्ये दिली. पुढे इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तिला आधार दिला. तो काही संगणकांवर बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. मेमरी मात्र खऱ्या आणि आभासी संगणकांत वाटली जाते. आठ जीबी असेल, तर पाहुण्याला, म्हणजे आभासी संगणकाला, दोन द्या. एक्सपीला तेवढी पुष्कळ झाली.

मला सर्वांत आवडते ती स्नॅपशॉटची सोय. प्रयोगाआधी स्थिती जतन करा, बिघडले तर एका क्लिकमध्ये मागे या. एक्सपीचा परवाना मात्र हवाच. आणि मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये त्याचे सुरक्षा अपडेट थांबवले असल्याने त्या खिडकीचे इंटरनेट बंदच ठेवा.