तांबड्या समुद्राच्या तळाशी

श्रोतेहो, सुटी घालविण्यासाठी कोणी समुद्राच्या तळाशी जाते, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. पाठीवर हवेची नळकांडी बांधून कित्येक हौशी पाणबुडे इजिप्तजवळच्या तांबड्या समुद्रात ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश जहाज पाहावयास उतरतात. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्र धोक्याचा, म्हणून आफ्रिकेला वळसा घालून रसद घेऊन आलेले हे जहाज सुएझच्या आखाताच्या तोंडाशी नांगरून होते. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी ते बुडविले. नऊ माणसे प्राणांस मुकली. आज सुमारे ३० मीटर खोलीवर त्याच्या पोटात मोटारसायकली, मालमोटारी, बूट पडून आहेत आणि त्यांवरून मासे फिरतात.

तेथे दाब भूतलाच्या चौपट. हवेतील नायट्रोजन रक्तात मुरतो; म्हणून घाईने वर येणे जिवावर बेतते. परंतु त्या जहाजाच्या जिवावर बेतते ती पाहुण्यांची हौस. सहलीच्या नौका त्याच्या सांगाड्यालाच दोर बांधतात, गंजलेले लोखंड तुटते. कोणी आठवण म्हणून एखादी वस्तू उचलून नेतो.

श्रोतेहो, जेथे माणसे मेली, ती जागा जत्रेची नव्हे. तेथे अवश्य जावे, डोळे भरून पाहावे आणि रिकाम्या हातांनी परत यावे.