चावडीवरचे राखणदार

सुरत शहराच्या दक्षिण अंगास असलेले उधना हे रेल्वेचे जंक्शन आहे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून येथे एक फाटा निघतो आणि नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास पोहोचतो. या फाट्यानेच खानदेशातील कित्येक कुटुंबे यंत्रमागांच्या आणि रंगाई-छपाईच्या कामासाठी उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत येऊन वसली. घरात अहिराणी, शेजारी गुजराती, कारखान्यात हिंदी आणि मुलांच्या शाळेत मराठी, असा चार भाषांचा संसार येथे नित्य चाललेला असतो. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते हे खरे. परंतु शाळेच्या पुस्तकाबाहेरचे मराठी वाचन येथे सहजासहजी हाती लागत नाही.

अशा घरातील एखाद्या विद्यार्थ्यास बहिणाबाई चौधरींविषयी चार ओळी लिहावयाच्या झाल्या, तर तो हल्ली काय करतो? वडिलांचा मोबाइल मागून घेतो, नाव टंकतो आणि समोर आलेल्या मराठी विकिपीडियाच्या पानावरून मजकूर वहीत उतरवून घेतो. उतरवून घेणे चांगले की वाईट, हा वाद शिक्षकांनी घालावा. प्रश्न निराळाच आहे. त्या पानावर जे लिहिले आहे ते काल रात्री कोणी बदलले तर नाही, आणि ते पान उद्या सकाळी जागेवर असेल की नाही, याची काळजी कोण वाहतो?

श्रोतेहो, विकिपीडिया हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत सुरू झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर हे त्याचे संस्थापक. मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे नेमका महाराष्ट्रदिनाचा, मानतात. आज तिच्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. ज्या यंत्रांवर हा सारा मजकूर साठविलेला असतो ती विकिमीडिया फाउंडेशन या धर्मादाय संस्थेची. मात्र मजकूर लिहिणारे, तपासणारे आणि राखणारे हात स्वयंसेवकांचे. कोणी बँकेत काम करतो, कोणी शिकवितो, कोणी परदेशी नोकरीस आहे. या कामाचे वेतन कोणालाच मिळत नाही.

प्रथम यंत्रांची गोष्ट पाहू. २००५ च्या फेब्रुवारीत फ्लॉरिडातील टॅम्पा येथील केंद्राची वीज तुटली. वीज परत आली, परंतु अचानक बंद पडल्यामुळे बहुतेक यंत्रांतील नोंदी बिघडल्या होत्या, आणि सारे पूर्ववत् होण्यास दिवसभराच्या आसपास अवधी लागला. त्या काळी यंत्रांची देखभाल करणारेही बहुतांशी स्वयंसेवकच होते. पुढे, २४ मार्च २०१० रोजी, युरोपातील केंद्रातली हवा तापली आणि तेथील यंत्रांनी स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपणहून डोळे मिटले. असे झाले तर सारा भार फ्लॉरिडाकडे वळवावा, अशी योजना आधीच करून ठेवलेली होती. वेळ आली तेव्हा ती योजनाच नादुरुस्त निघाली, आणि युरोपापुरते राहिले असते ते संकट जगभर पसरले. ६ ऑगस्ट २०१२ रोजी टॅम्पा आणि व्हर्जिनिया येथील केंद्रांना जोडणाऱ्या काचतंतूच्या तारा तुटल्या, आणि पुन्हा तासाभराचा अंधार.

या तिन्ही प्रसंगांत शत्रू कोणीही नव्हता. यंत्रमागावर काम करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ताण्यातील एक तार तुटली आणि ती वेळेवर सांधली नाही, तर पुढचे कित्येक वार कापड चिरेसह विणले जाते. आणि वीज गेल्यावर जे जनित्र चालू करावयाचे ते वर्षभर कोणी चालवूनच पाहिलेले नसते. पर्यायी व्यवस्था असणे आणि ती चालणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. २०१० च्या त्या दिवशी एका अतिशय हुशार संस्थेलाही हा धडा जगासमोर गिरवावा लागला.

शत्रू आला तो ६ सप्टेंबर २०१९ रोजी. भारतात तेव्हा रात्र झाली होती. युरोप आणि मध्यपूर्वेतील वाचकांना विकिपीडियाची पाने मिळेनाशी झाली, आणि पुढे इतर प्रदेशांनाही झळ लागली. हा हल्ला कुलूप फोडून आत शिरण्याचा नव्हता. रास्त भावाच्या दुकानापुढे शे-दोनशे रिकामटेकडे आणून उभे केले आणि प्रत्येकाने केवळ “साखर आली का?” एवढेच पुन्हा पुन्हा विचारीत राहावे, तर खऱ्या शिधापत्रिकाधारकास खिडकीपर्यंत पोहोचताच येणार नाही. दुकानातील एक दाणाही चोरीस जात नाही, तरी दुकान बंद पडते. संगणकाच्या जगात ही गर्दी भाड्याने मिळते. ती पुष्कळदा घरोघरचे कॅमेरे आणि राउटर यांचीच बनलेली असते. कारखान्यातून येताना असलेला सोपा परवलीचा शब्द मालकाने बदललेला नसतो, आणि कोणी तिसराच त्या यंत्राला दूरवरून राबवितो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या अशाच टोळीने इंटरनेटचा मोठा भाग हलवून सोडला होता. म्हणजे उधन्यातील एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर चोर पकडण्यासाठी बसविलेला कॅमेरा, मालकाच्या नकळत, सातासमुद्रापलीकडच्या ग्रंथालयाच्या दारात धक्काबुक्की करीत असणे अशक्य नाही.

२०१९ चा तो हल्ला काही तासांत आटोक्यात आला. त्यानंतर अमेरिकेतील क्रेग न्यूमार्क यांच्या दानसंस्थेने या संरक्षणकार्यासाठी २५ लाख डॉलर दिले. रक्कम मोठी खरी. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट अशी की अशी गर्दी भाड्याने आणणाऱ्याचा खर्च तिच्या मानाने नगण्य असतो.

अलीकडे एक नवी गर्दी लोटली आहे, आणि तिला शत्रू म्हणावे की गिऱ्हाईक, हेच समजेनासे झाले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे घडविणारे आपले स्वयंचलित वाचक सगळीकडे पाठवितात. फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की चित्रे, ध्वनिमुद्रणे इत्यादींच्या मागणीचा भार जानेवारी २०२४ पासून ५० टक्क्यांनी वाढला, आणि जी वाहतूक सर्वांत खर्चिक पडते तिच्यातील ६५ टक्के या यंत्रांची असते. माणूस लोकप्रिय पाने वाचतो. यंत्र कोपऱ्यातील धूळ खात पडलेले पानही मागते, आणि तेच आणून देणे महाग पडते. सार्वजनिक विहिरीवर कोणी टँकर लावावा तसा हा प्रकार आहे. पाणी सर्वांसाठी आहे हे मान्य. पण रहाटाचा दोर झिजतो त्याचे काय?

मात्र यंत्रांवरील हल्ल्यांना तोंड द्यावयास निदान पगारी अभियंते आहेत. मजकुरावरील हल्ल्याचे तसे नाही. तो भार सर्वस्वी मराठी माणसांच्या शिरावर आहे.

मराठी विकिपीडियाच्या मंडळींनी आपल्या कामासाठी शब्द मोठे गोड घडविले आहेत. सार्वजनिक चर्चेच्या जागेला ते ‘चावडी’ म्हणतात, नवशिक्याने गिरवून पाहावयाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात, आणि ठरावीक कामे बिनतक्रार करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीला ‘सांगकाम्या’. मजकुराची मुद्दाम नासधूस करण्यास ‘उत्पात’ असे नाव आहे. ‘अलीकडील बदल’ नावाच्या पानावर क्षणोक्षणी झालेला प्रत्येक फेरफार उमटत जातो. जागता स्वयंसेवक ही यादी वाचतो, शंका आली की पानाचा इतिहास उघडतो, आणि उत्पात आढळल्यास ते पान पूर्वस्थितीस नेतो. जुना मजकूर कधीच नष्ट होत नसल्यामुळे उत्पात करण्यास लागतो त्याहून कमी वेळ तो पुसण्यास लागतो. सारी व्यवस्था या एका साध्या गोष्टीवर उभी आहे. कोणी वारंवार त्रास देऊ लागला तर ‘प्रचालक’ त्याला काही काळ अटकाव करतात किंवा ते पान सुरक्षित करतात. निवडणुकीचे निकाल, क्रिकेटचा सामना, एखाद्या थोर पुरुषाची जयंती, जातीचा वा आडनावाचा अभिमान, या मुहूर्तांवर उत्पाताला ऊत येतो.

आता अडचण अशी की मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक आणि नित्यनेमाने राखण करणारे मात्र अगदी थोडे. प्रचालक तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. त्यांच्याही घरी लग्ने निघतात, आजारपणे येतात, परीक्षा असतात. लहान भाषांच्या विकिपीडियांवर नजर ठेवणारे परदेशी स्वयंसेवकही आहेत. मध्यरात्री कोणी सबंध पानच कोरे केले किंवा इंग्रजी शिव्या लिहिल्या, तर एखादा पोलिश किंवा ब्राझिलियन गृहस्थ ते दुरुस्त करून जातो, आणि त्याचे आभार मानावेत तितके थोडेच. परंतु शुद्ध मराठीत, संयत भाषेत, एखाद्या राजाच्या जन्मसालात किंवा धरणाच्या उंचीत फरक केला तर तो त्या भल्या माणसास कसा कळावा? तो फेरफार ओळखावयास मराठी वाचणाराच पाहिजे, आणि तोही विषय जाणणारा.

हे भय काल्पनिक नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतील विकिपीडियाविषयी उघडकीस आले की त्यातील हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिलेले होते आणि त्याला ती भाषाच येत नव्हती. तो कोश त्याने इंग्रजी शब्दांची मोडतोड करून वर्षानुवर्षे भरत नेला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला थांबविणारा त्या भाषेचा जाणकारच तेथे हजर नव्हता. क्रोएशियन विकिपीडियाची कथा याहून कडू. तेथे एका अतिराष्ट्रवादी गटाने प्रचालकपदेच आपल्याकडे घेतली, विरोध करणाऱ्यांना बाहेर ठेवले, आणि सुमारे दहा वर्षे इतिहास आपल्या सोयीने लिहिला. फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा सारा प्रकार मांडला आहे. तेथे यंत्रे एक दिवसही बंद पडली नव्हती. दिवे लागलेले होते, दारे उघडी होती, आणि घर परक्याच्या ताब्यात गेलेले होते. मोठ्या हल्ल्याची बातमी होते. ही बातमी व्हावयास दशक जावे लागले.

मराठीत तसे घडलेले नाही. घडू नये म्हणून चावडीवर जे वाद चालतात ते बाहेरच्या माणसास कंटाळवाणे वाटतील: ऱ्हस्व की दीर्घ, मूळ नाव की रूढ नाव, संदर्भ पुरेसा की अपुरा. भांडण कधी कधी शब्दांवरून माणसांवर घसरते आणि एखादा चांगला लेखक रागावून निघून जातो. एका जाणकाराचे असे जाणे हे तासाभराच्या बंदपेक्षा महाग पडते, कारण यंत्र दुसरे बसविता येते.

वाचकाच्या बाजूनेही दार बंद होऊ शकते. २०१५ च्या ऑगस्टअखेर पाटीदार आंदोलन पेटले तेव्हा गुजरातेत मोबाइलवरील इंटरनेट काही दिवस बंद ठेवण्यात आले होते, आणि सुरतही त्यात होते. ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे इंटरनेट बंद करण्यात भारत जगात पहिला होता. अशा वेळी दूरचे यंत्र कितीही धडधाकट असले तरी उधन्यातील विद्यार्थ्यास त्याचा उपयोग नाही. यावरही एक तोड आहे. विकिपीडियाचा मजकूर कोणीही उतरवून घ्यावा आणि वाटावा अशी त्याची परवानगीच आहे. ‘किविक्स’ नावाची विनामूल्य आज्ञावली घेतली, तर सबंध मराठी विकिपीडिया एका लहानशा मेमरी कार्डावर मावतो आणि इंटरनेटविना वाचता येतो. एका शाळेने वर्षातून एकदा अशी प्रत उतरवून घेतली, तर मुलांचे काम अडणार नाही. शिवाय जगाच्या पाठीवर अशा प्रती जितक्या विखुरलेल्या, तितका मूळ कोश निर्धास्त. खर्च मेमरी कार्डापुरता. तरीही हे करणाऱ्या शाळा किती निघतील, हे मुख्याध्यापकांनीच सांगावे.

२०१० च्या फजितीपासून यंत्रांचे राखणदार मात्र शहाणे झाले. २०१६ पासून ते एक कवाईत करतात. व्हर्जिनियातील केंद्राचा भार मुद्दाम काढून टेक्सासमधील केंद्रावर टाकावयाचा, काही महिने तेथूनच कारभार चालवावयाचा, आणि मग उलट फिरावयाचे. अलीकडे हा पालट दर मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये ठरवून होतो. तेवढ्या वेळात पाने वाचता येतात, परंतु कोणालाच काही लिहिता येत नाही. प्रारंभी हा खोळंबा बराच लांबे. आता तो दोन-तीन मिनिटांवर आला आहे. भारतीय घड्याळाप्रमाणे ही घटका बहुधा संध्याकाळी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते, म्हणजे उधन्यातील माग-खात्यांत दिवसपाळीची माणसे डबे उचलून बाहेर पडतात आणि रातपाळीची आत शिरतात, त्याच सुमारास. मराठी पानांच्या माथ्यावर तशी सूचना झळकते, आणि ती निघाली की ‘अलीकडील बदल’ पुन्हा सरकू लागतात.