करंजीची मुडप आणि शरीरातला दाह
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आत चहापाण्याच्या बाजूला असते. यंदा चिटणीसबाईंनी मला इथे आणून उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी शास्त्रातले काही सांगणार म्हटल्यावर कित्येकींना हसू येईल. पण ज्या गोष्टीने मला चार महिने तोंड दाबून बसायला लावले, तिच्याबद्दलच आज बोलायचे मी ठरवले आहे.

दोन वर्षांपूर्वी तपासणीत मला साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी दिलेली चिठ्ठी मी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. घरात कोणाला सांगितले नाही आणि गोळ्याही घेतल्या नाहीत. आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या पायाचा अंगठा याच रोगाने गेला, तेव्हा सगळे म्हणत, "जिभेला लगाम नव्हता, दुसरे काय!" मीही म्हटले होते. आता तेच आपल्याला ऐकावे लागणार, याची लाज मला रोगाच्या भीतीहून मोठी वाटली.

पुढे दिवाळीला भाची आली. ती जीवशास्त्रात एम.एस्सी. करते. तांदूळ काढताना तिच्या हाताला ती चिठ्ठी लागली. ती रागावली नाही. म्हणाली, "मावशी, आत काय बिघडते ते तरी समजून घे, मग लपवायचे की नाही ते ठरव." समोर करंज्यांचे पीठ भिजवलेले होते. त्या करंज्यांवरूनच तिने मला सगळे समजावले.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे, हे आपण शाळेत शिकलो. या पेशी रात्रंदिवस प्रथिने तयार करतात. प्रथिन म्हणजे नुसती डाळीतली पौष्टिकता नव्हे. शरीरातली बहुतेक कामे प्रथिनेच करतात. प्रत्येक प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असते. मणी वीस प्रकारचे. पण माळ ओवली म्हणजे काम झाले असे नाही. ती ठराविक रीतीने दुमडली जावी लागते. नुसती पारी लाटून करंजी होत नाही, तसेच हे. कोणती घडी पडायची, हे मण्यांच्या क्रमातच ठरलेले असते. हे ज्यांनी दाखवले त्या अमेरिकेतल्या ख्रिश्चन अनफिन्सेन यांना 1972 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

पेशीतून बाहेर धाडायची प्रथिने एका खास दालनात दुमडली जातात. त्याचे नाव आंतर्द्रव्यजालिका. आपण त्याला पेशीचे माजघर म्हणू. तिथे मदतीला दुसरी प्रथिने असतात. नव्या माळेला भलतीकडे चिकटू न देता ती तिची घडी नीट बसू देतात. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तशीच ही पाठराखीण. इन्सुलिनची माळही अशीच तयार होते. त्यात 51 मणी, दोन सर आणि ते जागच्या जागी धरणारे गंधकाचे तीन टाके असतात. स्वादुपिंडातली एकेक पेशी मिनिटाला दहा लाखांच्या घरात इन्सुलिनच्या माळा तयार करू शकते. एवढ्या घाईत काही घड्या चुकायच्याच.

आता आपल्या मंडळाची ती दिवाळी आठवा. करंज्यांची मागणी दुप्पट आली आणि हात तेवढेच. घाईत कडा नीट दाबल्या गेल्या नाहीत. करंज्या कढईत फुटल्या, सारण तेलात करपले आणि चांगल्या करंज्यांनाही तो जळकट वास लागला. चुकीच्या दुमडलेल्या प्रथिनांचे असेच असते. ती नुसती निकामी होत नाहीत. एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि चाललेल्या कामात अडथळा करतात.

त्या दिवशी आपण काय केले? आधी लाटणे थांबवले. मग शेजारच्या आळीतून चार जणी बोलावल्या आणि फुटक्या करंज्या बाजूला काढल्या. पेशीही हेच करते. तिच्या माजघरात तीन राखणदार आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांना आयआरई-वन, पर्क आणि एटीएफ-सिक्स अशी नावे दिली आहेत. घडी न बसलेल्या माळा साचल्या की ते जागे होतात. नव्या माळा ओवणे मंदावते, पाठराखिणी वाढवल्या जातात आणि बिघडलेला माल मोडीत निघतो. हा कारभार उलगडणारे अमेरिकेतले पीटर वॉल्टर आणि जपानच्या क्योटोतले काझुतोशी मोरी यांना 2014 साली लास्कर पारितोषिक मिळाले.

ताण थोडा वेळ असेल तर पेशी एवढ्यावर सावरते. पण महिनोन् महिने तो उतरलाच नाही तर हेच राखणदार धोक्याची घंटा वाजवू लागतात. ही घंटा म्हणजे दाह. काटा रुतला की बोट लाल होते, सुजते, ठणकते. तोही दाहच, आणि तो उपकाराचा. जंतूंशी लढून तो शमतो. पेशीत हा दाह पेटवणारी प्रथिने एरवी बांधून ठेवलेली असतात. बांधून ठेवणारी प्रथिनेही अल्पायुषी, सतत नवी व्हावी लागणारी. राखणदाराने नव्या माळा ओवणे मंदावले की तीही पुरेशी होत नाहीत. मग घंटा मोकळी सुटते. दुसरा राखणदार, आयआरई-वन, वेगळ्या वाटेने तीच घंटा हलवतो. बाहेरून एकही जंतू आलेला नसतो, तरी शरीरात लढाई सुरू होते. सूज दिसत नाही, ठणका लागत नाही. राखेखालच्या निखाऱ्यासारखे ते आत धुमसत राहते.

याचा साखरेशी संबंध काय, असे मीही भाचीला विचारले. शरीरात चरबी फार साठली की तिच्या पेशींवर आणि यकृतावर भार पडतो. लठ्ठ प्राण्यांची चरबीच दाहाचे द्रव्य तयार करते, हे अमेरिकेत गोखान होतामिसलिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी 1993 साली दाखवले. पुढे 2004 साली होतामिसलिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांत पाहिले की, पेशीच्या माजघरातला हा ताणच इन्सुलिनचा निरोप अडवतो. इन्सुलिन दार ठोठावते, पण आत ऐकू जात नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन करू पाहते, त्याच्या पेशींवरही भार वाढतो आणि घड्या आणखी चुकतात. अखेर थकलेल्या पेशी मरू लागतात.

हे ऐकले आणि मला जाऊबाई आठवल्या. खाण्याचा यात भाग नाही असे मी म्हणत नाही. वजनाचा आहे, हालचालीचा आहे, आईबापांकडून आलेल्या रक्ताचाही आहे. पण "जिभेला लगाम नाही" एवढ्या एका वाक्यात हा रोग मावत नाही. आत भार वाहणाऱ्या पेशी मदतीसाठी घंटा वाजवत असतात. जाऊबाईही पायाची जखम तीन आठवडे लपवून होत्या. आपल्या बोलण्याच्या भीतीनेच त्यांनी ती लपवली, हे आता मला कळते. त्यांची क्षमा मी घरी मागितली आहे. आज त्या समोरच बसल्या आहेत, म्हणून इथेही मागते.

चांगली गोष्ट ही की भार उतरवता येतो. शस्त्रक्रियेने ज्यांचे वजन पुष्कळ उतरले, अशा माणसांच्या चरबीतल्या आणि यकृतातल्या पेशींवरचा हा ताण कमी झाल्याचे 2009 साली दिसून आले. शस्त्रक्रिया काही प्रत्येकीसाठी नव्हे. मी डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या नेमाने घेते, रोज पाऊण तास चालते, रात्रीचा भात कमी केला आहे. साखर पुष्कळ ताब्यात आहे. दाह शमवतो म्हणून कोणी पाला-काढा सांगितला, तर त्यासाठी आपली गोळी सोडू नका.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. महिन्यातून एकदा, भजनाच्या दिवशी, इथेच साखर तपासण्याची सोय करावी. माझे बोट मी सर्वांत आधी पुढे करीन. आणि कोणाची साखर निघाली तर "काय खाल्लेस?" असे पहिल्याने विचारू नये. "उद्या चालायला येतेस का?" असे विचारावे. करंज्या फुटल्या त्या दिवशी आपण एकमेकींना बोल लावला नव्हता. शेजारच्या आळीतून चार जणी बोलावल्या होत्या.