तळघराची जमीन खाली नेताना

छत्तीसगढच्या मैदानातील शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा म्हणजे उंचावरची मुरमाड जमीन. कन्हार म्हणजे सखल भागातील काळी, चिकण माती; ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुनवानी हे भिलाईच्या विस्तारात सामावले गेलेले गाव याच मैदानातले. अशा गावी तळ्याकाठी, म्हणजे तेथल्या बोलीतील ‘तरिया’जवळ, घर असेल तर घरमालकाने हा शब्दसंग्रह अवश्य शिकून घ्यावा. आपले घर यांपैकी कोणत्या मातीवर उभे आहे, हे त्याला नकाशापेक्षा शेजारचा वृद्ध शेतकरी अधिक नेमके सांगेल.

श्रोतेहो, अशा घरातील तळघर बुटके आहे, डोके छताला लागते, तेव्हा त्याची जमीन दोन फूट खाली न्यावी, अशी कल्पना सहज सुचते. खोदकाम अवघड नसते. परंतु भिंतीचा पाया कोठवर गेला आहे, हे कुणी पाहत नाही. तळघराच्या भिंतींचा पाया बहुधा जमिनीच्या थोडाच खाली संपतो. त्याहून खोल खणले म्हणजे पायाखालची माती एका बाजूने उघडी पडते आणि वरच्या भिंतीच्या भाराने आतल्या बाजूस सरकू लागते. भिंत सामाईक असेल तर तिच्याबरोबर शेजाऱ्याचे घरही खचते. म्हणून कुशल गवंडी भिंतीखाली एका वेळी सुमारे एक मीटर लांबीचाच खड्डा घेतो, त्यात काँक्रीट भरतो, ते आवळल्यावर जुन्या पायाखाली राहिलेल्या फटीत कोरडसर मसाला ठासून बसवतो आणि मगच दुसरीकडे वळतो. तोही लगतच्या भागाकडे नव्हे, तर मधले तुकडे सोडून. हे काम कंटाळवाणे आहे. घाईचा कंत्राटदार येथेच घात करतो. खोली थोडी अरुंद झालेली चालत असेल, तर भिंतीलगत मातीचा रुंद कट्टा तसाच राखून मधला भागच खोल करणे हा पुष्कळदा अधिक शहाणपणाचा मार्ग असतो.

पाण्याचा प्रश्न याहून गहन आहे. पाणी वरून झिरपते एवढेच आपण पाहतो. ते खालून उचलतेही, हे विसरतो. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या एक चौरस मीटर फरशीचे वजन सुमारे ३६० किलोग्रॅम भरते. भूजलाची पातळी त्या फरशीच्या तळापेक्षा ३६ सेंटिमीटर वर आली की, वरचा दाब आणि फरशीचे वजन यांची तोंडमिळवणी होते. पाणी त्याहून वर चढले आणि फरशी भिंतींना जखडलेली नसेल, तर ती उचलली जाते किंवा तडकते. जमीन साठ सेंटिमीटर खाली नेली, तर त्याच पाण्याचा दाब दर चौरस मीटरला आणखी ६०० किलोग्रॅमने वाढतो. वरून कितीही जलरोधक लेप दिला तरी हे गणित बदलत नाही.

मग पंप लावावा, असे कुणी म्हणेल. इंग्लंडमधील विंचेस्टर कॅथीड्रलची हकीगत येथे आठवते. इचेन नदीच्या खोऱ्यातील दलदलीवर उभ्या असलेल्या या वास्तूच्या भिंती विसाव्या शतकाच्या आरंभी झुकल्या, तडकल्या. पायाखाली खड्डे खणताच त्यांत पाणी भरू लागले, आणि पंपाने ते उपसावे तर पाण्याबरोबर माती वाहून जाऊन भिंती अधिकच धोक्यात येण्याची भीती! तेव्हा अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांनी पाणबुड्याला पाचारण केले. विल्यम वॉकर हे त्याचे नाव. १९०६ ते १९११ या काळात तो गढूळ पाण्याखाली, काळोखात, केवळ हाताच्या स्पर्शाने काम करीत राहिला. कुजकट माती काढून खालच्या भक्कम खडीच्या थरावर काँक्रीटच्या पिशव्या रचल्या गेल्या. त्यांची संख्या २५,८०० सांगितली जाते. तळ असा बंद झाल्यावरच पाणी उपसले गेले, आणि मग गवंड्यांनी कोरड्या खड्ड्यात उतरून वरचे बांधकाम पुरे केले. ध्यानात घेण्याजोगा आहे तो हा क्रम: आधी तळ बंद, मग उपसा.

जुनवानीच्या घरमालकाला पाणबुड्याची गरज नाही. त्याला एका पावसाळ्याचा धीर मात्र हवा. वैशाखात खणलेला खड्डा कोरडा निघतो आणि त्यावरून अनेकांची फसगत होते. या प्रदेशातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तेव्हा तळघराच्या मध्यभागी, भिंतींपासून दूर, हातभर रुंदीचा एक खड्डा नियोजित खोलीच्या थोडा खालपर्यंत घ्यावा, त्यात खुणा केलेली काठी उभी करावी व वर फळी टाकावी. भाद्रपद संपेपर्यंत दर आठवड्यास पाण्याची उंची वहीत नोंदवावी, आणि त्याच दिवशी अंगणातील विहिरीचे व तळ्याचे पाणीही मोजावे. तिन्ही पातळ्या बरोबरीने वर चढत असतील, तर तळघर व तळे यांच्यामधली जमीन पाण्याला मोकळी वाट देत आहे असे धरावे. अशा ठिकाणी कुदळ तशीच ठेवावी व डोके वाकवून जिना उतरावा.