तीन खाडे

आजपासून माझे सहकारी झालेल्या नवपदवीधरांनो,

मी नुकती प्रॅक्टिस सुरू केली होती तेव्हा ऊसतोडीला जाणारी एक बाई आली. गाल सुजलेला, दाढ पार पोखरलेली. मी चिडून विचारलं, “इतके दिवस काय करत होतात?” ती म्हणाली, “लवंग धरत होते, डॉक्टर. तोड सोडून आले असते तर खाडा पडला असता.”

एक दिवस काम चुकलं की मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो, तो खाडा. रूट कॅनालसाठी तीनदा या, असं सांगताना मी तिच्या नावावर तीन खाडे लिहीत होतो. तिने दाढ काढून घेतली. एका खेपेत होण्यासारखं तेवढंच होतं.

माणूस उपचाराला का येतो, याची मांडणी वैद्यकीय समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड अँडरसन यांनी १९६८ मध्ये केली. त्याची घडण, त्याच्या हाताशी असलेली साधनं आणि त्याला भासणारी गरज, असे तीन धागे त्यांनी दाखवले. आपल्याकडे हे तिन्ही रोज दिसतात. दाढ काढली की नजर जाते, ही भीती घराघरांत आहे. लहानपणी बसलेली सुईची धास्ती पन्नाशीतही जात नाही. आरोग्य विम्यात दातांचा नेहमीचा खर्च बहुधा बसत नाही, तो खिशातूनच जातो. आणि कीड सुरुवातीला दुखतच नाही. ती मज्जेपर्यंत पोचली की रात्रभर ठणका लागतो. तोवर एका बैठकीत भरता येणारा दात रूट कॅनाल आणि कॅप मागू लागतो. “दुखेल तेव्हा बघू” म्हणणाऱ्यालाच सर्वांत जास्त पैसे मोजावे लागतात.

म्हणून माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे. खर्च आधी सांगा, कागदावर लिहून द्या. शक्य तिथे बैठका कमी करा. बाजाराच्या दिवशी आणि संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवा. पेशंटला रागावू नका; ओशाळलेला माणूस पुन्हा फिरकत नाही. आणि तो दाढेसाठी आला असला तरी पूर्ण तोंड तपासा. मिश्री लावणाऱ्याच्या, तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातला पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कमी उघडणारा जबडा हे त्या दिवशी तुमच्या नजरेतून सुटलं, तर पुढच्या खेपेपर्यंत फार उशीर झालेला असू शकतो.

उद्या कुणी सुजलेला गाल घेऊन आला, तर “इतके दिवस काय करत होतात?” हे जरूर विचारा. मात्र स्टूल ओढून त्याच्याजवळ बसा आणि मग विचारा. उपचाराची आखणी त्याच्या उत्तरापासून सुरू होते.