बालशिक्षिकेचा स्वाध्याय

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या बालशिक्षिका मेळाव्यातील भाषण)



तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, प्रच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचनेच्या पाठोपाठ विचारणे येते, त्यानंतर मनात घोळवणे येते. उपदेशाचे स्थान सर्वांत शेवटी आहे. श्वेतांबर आगमांतील भगवतीसूत्र तर बव्हंशी प्रश्नोत्तररूपच आहे. विचारणारे इंद्रभूती गौतम, उत्तर देणारे भगवान महावीर. गणधरपदी असलेल्या पुरुषाला विचारण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या समाजाच्या ज्ञानपरंपरेत पृच्छेला इतका मान आहे, त्याच समाजाच्या बालमंदिरात मात्र पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. तेथे आरंभ उपदेशाने होतो, शेवटही उपदेशानेच होतो, आणि मधल्या वेळात मुलाने हाताची घडी घालून बसावे अशी अपेक्षा असते.

जैन घरातील चार वर्षांचे मूल मुंगीवर पाय देत नाही. हा संस्कार घराने दिलेला असतो. तेच मूल बालमंदिराच्या पायरीवर बसून विचारते, “बाई, मुंगीचं घर कुठं असतं?” या क्षणी शिक्षिकेपुढे दोन वाटा असतात. “वारुळात असतं, चल आत” असे म्हणून प्रश्न मिटवता येतो. किंवा “ती कुठं जाते ते पाहू या” असे म्हणून पाच-सहा मुलांसह भिंतीकडेने हळूहळू चालता येते. दुसऱ्या वाटेने गेल्यास वीस मिनिटे लागतात, वेळापत्रकातील गाणे राहून जाते, आणि कदाचित मुंगी फटीत नाहीशी होऊन उत्तर मिळतही नाही. तरीही त्या वीस मिनिटांत मुलाने पाहिले, अंदाज केला, तो चुकला, पुन्हा पाहिले. जीवदयेला येथे डोळस ओळखीची जोड मिळाली. परंतु “पाहू या” हे दोन शब्द योग्य वेळी उच्चारणे वाटते तितके सोपे नाही. ज्या शिक्षिकेचे स्वतःचे सारे शिक्षण तयार उत्तरे पाठ करण्यात गेले, तिला उत्तर आवरून धरणे हे जणू कर्तव्यच्युती वाटते. म्हणून बालशिक्षणाचा विचार करताना बालकाइतकाच शिक्षिकेच्या शिक्षणाचा विचार करावा लागतो.

या विचाराची भारतातील परंपरा जुनी आहे. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत प्रवेश केला आणि १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले. मारिया माँटेसरी यांचे ग्रंथ त्यांचे मार्गदर्शक होते. स्वतः माँटेसरी भारतात आल्या त्या १९३९ साली, गिजुभाईंच्या निधनाच्या वर्षी. बालमंदिर उघडल्यानंतर अल्पावधीतच शिक्षक तयार करणारे अध्यापन मंदिर भावनगरात उभे राहिले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मुलांसाठी एक घर उघडले की लगोलग शिक्षकांसाठी दुसरे उघडावे लागते, हे त्या मंडळींनी प्रारंभीच ओळखले होते. याच भावनगरात ताराबाई मोडक आल्या. त्या राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. म्हणजे शिक्षिकांना शिकविण्याचे काम करीत होत्या. ते पद सोडून लहान मुलांच्या सहवासात त्यांनी नव्याने शिकण्यास आरंभ केला. आजच्या पदवीधर शिक्षिकेला ‘मला पुन्हा काय शिकायचे’ असे वाटत असेल, तर तिने ताराबाईंचे चरित्र अवश्य वाचावे.

१९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. पुण्यात शिक्षिका म्हणून अनुभव घेतलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. शहरातील बालमंदिराचा साचा तेथे चालण्यासारखा नव्हता. वारली पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच पाड्यावर नेली गेली आणि घराच्या अंगणात भरू लागली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्या प्रयत्नांतून पुढे आला. जी मुले गुरे चारायला जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली गेली.

साधनांचा प्रश्न अधिक बिकट होता, आणि शिक्षिकेच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रदही तोच आहे. माँटेसरींची साधने सुबक, मोजूनमापून घडविलेली आणि म्हणून महाग. दट्ट्यांची पेटी घ्या. निरनिराळ्या जाडीचे लाकडी दट्टे आणि त्यांच्या मापाच्या खोबणी. बारीक दट्टा मोठ्या खोबणीत घातला, तर शेवटी एक जाड दट्टा हातात उरतो आणि तो कोठेच बसत नाही. बाईंनी ‘चुकले’ असे म्हणावेच लागत नाही. वस्तूच ते सांगते. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन रंगाने सारखे, आकाराने सारखे. फरक केवळ लहानमोठेपणाचा. मुलाचे लक्ष एकाच गुणावर ठरावे यासाठी ही योजना.

बोर्डी-कोसबाडला या साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या, माती आली. हे वाचायला गोड वाटते. परंतु त्यासाठी शिक्षिकेला काय कळावे लागते याचा क्षणभर विचार करावा. ओढ्यातले दहा दगड उचलून मनोरा होत नाही. एक काळा, एक तांबूस, एक चपटा असेल, तर मूल रंगाने लावणार की आकाराने? आणि त्याने रंगाने लावले तर ते चूक कसे? येथे कोणता गुण पुढे आणायचा, कोणता मागे ठेवायचा आणि मुलाने स्वतःचीच निराळी रीत काढली तर ती कशी ओळखायची, हे जिला समजते तीच ओढ्याकाठी शाळा भरवू शकते. जिने केवळ साधन मांडण्याची कृती घोकली आहे, तिची शाळा पेटी हरवली की बंद पडते. बालशिक्षिकेच्या प्रशिक्षणाची यापेक्षा चोख परीक्षा सापडणे कठीण आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी यांच्या भाराखाली पूर्वशिक्षणाचा भाग मात्र बहुतेक ठिकाणी मागे पडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी उत्तीर्ण अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला. तो स्वागतार्ह आहे. तथापि अभ्यासक्रम संपला की शिकणे संपले, ही समजूत त्याने दूर होणार नाही. उन्हाळ्यात पाच दिवसांचे शिबिर, समारोपाला प्रमाणपत्र आणि जूनमध्ये पुन्हा पूर्वीचीच पाटी, हा अनुभव अनेक संस्थांना आहे.

खरे शिकणे शाळेतच, आपल्याच मुलांकडे पाहून घडते. त्याला साधन एकच पुरते : निरीक्षणाची वही. तीत मत लिहू नये, कृती लिहावी. ‘अमुक मुलगा खोडकर आहे’ ही नोंद निरुपयोगी होय. ‘त्याने पेल्यातले पाणी तीन वेळा ताटलीत ओतले, चौथ्या वेळी ओतण्यापूर्वी थांबून ताटलीचा काठ बोटाने चाचपला’ ही नोंद सोन्याच्या मोलाची. खोडी दिसत होती तेथे आता प्रयोग दिसतो. आठवड्यातून एकदा शिक्षिकांनी एकत्र बसून अशा दोन-तीन नोंदी वाचाव्यात आणि उद्या या मुलापुढे काय ठेवावे याची चर्चा करावी. एकीला हट्ट दिसेल, दुसरीला चिकाटी. एकच घटना अनेक बाजूंनी पाहण्याची ही रीत अनेकान्त मानणाऱ्यांना परकी वाटू नये. इटलीतील रेज्जो एमिलिया शहराच्या बालशाळांत शिक्षिका मुलांचे बोलणे आणि चित्रे टिपून त्यांवर अशीच एकत्र चर्चा करतात. त्या चळवळीची पहिली शाळा महायुद्धानंतर गावकऱ्यांनी उभारली, तीही सैन्याने मागे टाकलेला रणगाडा विकून आलेल्या पैशांच्या साहाय्याने. अहिंसेच्या उपासकांना हा प्रसंग निश्चितच आवडेल.

या मार्गातील मोठी अडचण शिक्षिका नव्हे. तिसऱ्या वर्षी मुलाने एबीसीडी लिहावी असा पालकांचा आग्रह असतो. शेजारच्या शाळेतील वह्या भरलेल्या दिसतात, बालमंदिरातील मूल मात्र ‘मातीत खेळून’ घरी येते. पटसंख्या घटण्याची भीती विश्वस्तांना वाटते, आणि ती खोटी नाही. मग सूचना खाली येते, आणि शिबिरात उत्साहाने शिकून आलेली शिक्षिका मुकाट्याने गृहपाठ देऊ लागते. दोष तिच्या माथी मारला जातो. तिचे मानधन माध्यमिक शिक्षकाच्या वेतनाच्या जवळपासही नसते, ही गोष्ट तर बोलण्यातही येत नाही.

जैन समाजात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९३५ साली साताऱ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे महाविद्यालय काढले. वसतिगृहे आणि शाळा यांच्याइतकेच शिक्षक घडविणे त्यांना निकडीचे वाटले. सुवर्णमहोत्सवी वर्षात इमारतीसाठी दाते पुढे येतात, कोनशिलेवर नाव कोरले जाते. शिक्षिकेच्या शिक्षणाला कोनशिला नसते. तरी या निमित्ताने विश्वस्त मंडळाने काही गोष्टींचा निर्णय करावा, अशी नम्र सूचना आहे. दर शनिवारी मुलांना लवकर सोडून शिक्षिकांच्या बैठकीसाठी दीड तास राखून ठेवावा, आणि तो वेळ कामाचा धरून त्याचे मानधन द्यावे. वर्षातून दोनदा प्रत्येक शिक्षिकेला दुसऱ्या बालमंदिरात दिवसभर नुसते पाहत बसण्यासाठी पाठवावे. पालकसभेत गुणपत्रकाऐवजी निरीक्षणाच्या वहीतील त्यांच्या मुलाचे एक पान वाचून दाखवावे, आणि त्या सभेला किमान दोन विश्वस्तांनी बसावे. कारण लेखन केव्हा सुरू होणार हा प्रश्न तेथे विचारला जाईलच, आणि त्याचे उत्तर देण्याचा भार एकट्या शिक्षिकेवर पडता कामा नये.